दुसऱ्या इष्टलिंगाचा धनी

निलंग्यात मन्मथ पेंटर कोण म्हणून विचारलं तर आजकालची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. पण त्यांचं अक्षर या पोरांनी रोज वाचलेलं आहे. गिरणीवरची पाटी, जुन्या दवाखान्याचं दार, खताच्या दुकानाची भिंत, ट्रॉलीची मागची फळी, सगळीकडे तेच गोल, पोट सुटलेलं अक्षर. फ्लेक्स आले आणि त्यांचा धंदा बघता बघता बसला. फ्लेक्सवर माणसाचं तोंड एवढं मोठं छापतात की नावाला जागाच उरत नाही, आणि पहिल्या वावटळीत अर्धा माणूस फाटून विजेच्या तारेवर लोंबतो. मन्मथअप्पांनी याची तक्रार कधी केली नाही, म्हणून ती इथे करून टाकलेली बरी.

आडनावांच्या बाबतीत त्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाईक सांगेल ते लिहायचं. एकाच बापाची तीन पोरं, तीन दुकानं. थोरला म्हणाला बिराजदार लिहा, मधला म्हणाला बिरादार, धाकट्याने बिरासदार सांगितलं. अप्पांनी एकाच डब्यातल्या निळ्या रंगाने तिन्ही पाट्या रंगवल्या आणि तिघांच्याही घरचा चहा प्यायला. त्यांचं स्वतःचं घर तरी कुठे वेगळं होतं? वडील मडिवाळप्पा सातबाऱ्यावर बिरादार. मन्मथअप्पा शाळेच्या दाखल्यावर बिराजदार, कारण मास्तरांना ते भारदस्त वाटलं. लग्न होऊन रत्नम्मा आली, ती रेशनकार्डावर बिरासदार म्हणून चढली. "घरात माणसं दोन आन् आडनावं तीन," रत्नम्मा म्हणायची, "बरं हाय, भांडायला माणूस कमी पडत न्हाई." गावाला याने काही फरक पडत नव्हता. हा कुणाचा आणि कोणत्या गल्लीतला, एवढं कळलं की गावाचं भागतं. आडनाव लागतं ते सरकारला, आणि हरवलेला माणूस शोधताना.

असा एक हरवलेला माणूस मन्मथअप्पांच्या घरात होता.

रोज पहाटे अंघोळ झाली की अप्पा ओलेत्याने पाटावर बसत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून आपलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवत, पाणी घालत, भस्म लावत, बेलाचं पान वाहत. हे झाल्याशिवाय पोटात पाण्याचा थेंब जायचा नाही. लिंगायताच्या घरात यात काही नवल नाही. लेकरू जन्मलं की मठाचे स्वामी त्याला लिंग देतात. ते त्याचं एकट्याचं. जन्मभर गळ्यात राहतं, आणि शेवटी माणसाला बसवून मातीत ठेवतात तेव्हाही त्याच्या डाव्या तळहातावर तेच असतं. नवल होतं ते पुढे. आपली पूजा आटोपली की अप्पा कोनाड्यातून दुसरी डबी काढत. पितळेची, झाकणाला पोचा आलेली. तिच्यातलं लिंग त्याच तळहातावर घेत आणि पाण्यापासून बेलापर्यंत सगळं पुन्हा करत.

ते लिंग त्यांच्या धाकट्या भावाचं, गुरुलिंगचं होतं.

गुरुलिंग सात-आठ वर्षांनी लहान. कधी चिंचेवर, कधी विहिरीत, घरात क्वचितच. पूजेला बसवलं की त्याची एक खोड होती. लिंग तळहातावर ठेवायच्या आधी तो ते कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. मग अव्वा, म्हणजे या दोघांची आई, त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

"काय ऐकूलालास रे?"

"बोलतंय अव्वा."

"काय बोलतंय?"

"तुला न्हाई सांगायचं." आणि जोरजोरात मान हलवून हसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात रानात धसकटंसुद्धा उरली नाहीत. नांदेडकडे रस्त्याच्या कामावर माणसं न्यायला ट्रक आला. गुरुलिंगला तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. आदल्याच दिवशी त्याच्या गळ्यातला दोरा कुजून तुटला होता, आणि नवा वळून घालू म्हणून अव्वाने लिंग कोनाड्यात ठेवलं होतं. पहाटे ट्रकने हॉर्न दिला, पोरगं भाकरी फडक्यात बांधून पळालं. ट्रक वेशीबाहेर वळला तेव्हा अव्वाचं कोनाड्याकडे लक्ष गेलं. डबी मुठीत धरून ती अनवाणी शिवेपर्यंत धावली. तिथे धुरळ्याशिवाय काही नव्हतं. "येतंय की आठ दिवसांत," मडिवाळप्पा म्हणाले, "लिंगासाठी तरी यावंच लागंल." अव्वाने त्याच दुपारी दोरा वळला आणि डबीत ठेवून दिला.

तो आला नाही. कुणी म्हणालं नांदेडच्या गिरणीत दिसला. कुणी म्हणालं अर्धापूरला केळीच्या गाड्या भरून राहिला. मडिवाळप्पा दोनदा जाऊन हात हलवत परत आले, आणि पुढे ते वारले. अव्वा रोज दोन पूजा करी, एक स्वतःची आणि एक लेकाची. शेजारणी सांगत, सोडून दे बाई नदीत, किती दिवस करशील? अव्वाचं उत्तर ठरलेलं. "त्याचं हाय. मी कोण सोडणार?" ती गेली त्या दिवशी तिने नुसतं कोनाड्याकडे बघितलं, आणि मन्मथअप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून दुसरी पूजा त्यांच्याकडे आली.

आता अप्पा पंचाहत्तरीला टेकलेले. मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत गच्च धरलं. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रत्नम्माला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. हळू सांगितलेलं तेवढंच पेशंटला नेमकं ऐकू येतं.

घरी आल्यावर अप्पा बाजेवर पडून बराच वेळ आपला डावा हात बघत होते. रत्नम्माने विचारलं, "हातात कळ मारून राहिली का?"

"न्हाई गं," अप्पा म्हणाले. "एवढ्याशा तळहातावर दोन लिंगं कशी बसतील, ते बघतोय."

मरणाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की आपल्या मागे भावाचं लिंग कुणाच्या हातात जाईल? त्यांनी मठात जाऊन स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, "याचा धनी जिवंत असला तर त्याच्या हातावर ठेव. नसला तर मांजरा नदीत सोड. तुझ्यासंगं ते येणार न्हाई." नदीत सोडायचं म्हणजे भाऊ मेला असं आपल्या तोंडाने म्हणायचं. ते अप्पांच्याने होईना. आणि तसंच ठेवून जावं तर घर विकलं जाईल त्या दिवशी कोनाड्यातली डबी कोण कुठे फेकेल, कुणी सांगावं.

त्यांची लेक सुकन्या नांदेडला दिलेली. बापाला बघायला आली तेव्हा तिने हे ऐकलं आणि मोबाइल काढून बसली. "अप्पा, मतदारांच्या याद्या ह्याच्यावर दिसतात. काका असतील तर त्यांचं मत बी असंल." तिने गुरुलिंग बिराजदार घातलं. नांदेड जिल्ह्यात कुणी निघेना. बिरादार घातलं, तर निघाले ते पोरसवदा. तेव्हा ती म्हणाली, "असं एकच आडनाव धरून बसायचं न्हाई. लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं असंल. आपण तितक्या सगळ्या रीतीनं शोधायचं. आन् आडनाव जुळलं म्हणून नाचायचं न्हाई, न्हाई जुळलं म्हणून सोडायचं न्हाई. बापाचं नाव बघायचं, वय बघायचं, मूळ गाव विचारायचं."

हे अप्पांना पटलं. जन्मभर तेच तर बघितलं होतं. त्यांनी दुकानाच्या खोलीतली मागची भिंत चुन्याने पांढरी केली, दोऱ्याला कोळसा लावून सरळ रेघा मारल्या, आणि आडनाव लिहायला घेतलं. बिरादार, बिराजदार, बिरासदार, बिरदार, बिराद्दार, बिरेदार. देगलूरकडे तेलुगू बोलणारा कारकून कसं लिहील, ते लिहिलं. सीमेपलीकडचा कानडी मास्तर कसं लिहील, ते कानडी अक्षरांत काढलं. शेजारच्या मोमीनचाचांनी येऊन उर्दूत लिहून दिलं आणि म्हणाले, यातला एक नुक्ता, एवढंसं टिंब, पुसला की वाचणारा काय वाटेल ते वाचतो. बापाच्या नावाचीही तीच गत. मडिवाळप्पा, मडवाळ, मडोळप्पा, मडू. भिंत वरपासून खालपर्यंत भरली. पाटी रंगवताना अप्पा कधी एवढे रमले नव्हते.

रत्नम्मा जेवायला हाक मारायला यायची तेव्हा अप्पा भिंतीसमोर खुर्चीत डोळे मिटून बसलेले असायचे. झोपही नाही आणि जागही नाही अशा त्या दुपारी त्यांना एकच स्वप्न पडे. ते शिडीवर चढून एक लांबच लांब भिंत रंगवत आहेत, निलंग्यातून निघून रानातून, ओढ्यातून गेलेली. खाली गुरुलिंग रंगाचा डबा धरून उभा आहे, तेवढाच, मिसरुडाच्या वयाचा. अप्पा एक आडनाव लिहितात आणि खाली विचारतात, "हे का रे?" गुरुलिंग मान हलवतो. अप्पा शिडी पुढे सरकवतात. भिंत संपत नाही, ऊन उतरत नाही, डब्यातला रंगही आटत नाही. जागे झाले की त्यांना वाईट वाटायचं नाही. भाऊ भेटला, एवढंच वाटायचं.

शोध मात्र जागेपणी करायचा होता. देगलूरच्या एका गुरलिंगप्पाला सुकन्याने फोन लावला, तर त्याला वाटलं विमा गळ्यात मारायला आली, आणि त्याने आधी शिव्या दिल्या. उदगीरला नाव, आडनाव, वय सगळं जुळलं; अप्पा एसटीने गेले, समोर आला तो गोरागोमटा भुसार व्यापारी. त्याला पाच बहिणी, आणि जन्म बिदरचा. त्याने अप्पांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाला, "तुमचा भाऊ न्हाई म्हणून मलाच वाईट वाटून राहिलं बघा." लोहा तालुक्यातला एक माणूस तर फोनवर सरळ म्हणाला, मीच तुमचा भाऊ, जमिनीत वाटा किती येतो?

मग माघात सुकन्याचा फोन आला. अर्धापूरजवळच्या एका गावात व्यंकटी बिरदार म्हणून एकजण आहे, बापाचं नाव गुरलिंग. अर्धापूर म्हटल्यावर अप्पा उठून बसले. केळीच्या गाड्या भरणारा कुणीतरी बघितला होता तो तिथेच. त्यांनी पितळी डबी फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात घातली. रत्नम्मा म्हणाली, मी बी येते. तुमच्या छातीचा काय भरवसा?

एक मुक्काम नांदेडला लेकीकडे झाला. सकाळी अर्धापूरची पहिली गाडी गाठायची म्हणून अप्पांची पूजा राहिली. असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं. "तिथं गेल्यावर करीन," म्हणाले आणि उपाशीपोटीच खिडकीशी बसले. बेलाची पानं सुकन्याने ओल्या रुमालात बांधून घेतली होती. नांदेड मागे पडलं तसं धुकं दाट झालं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवरून थेंब गळतायत, पाटातलं पाणी कुठेतरी चमकून पुन्हा हरवतंय. अप्पांना डुलकी लागली. धुक्यात ती लांब भिंत उभी होती आणि शिडीही होती, पण आज खाली डबा धरायला कुणी नव्हतं.

व्यंकटीचं घर पाटाच्या कडेलाच होतं. पन्नाशीचा, पायात चिखल लागलेला माणूस. त्याची म्हातारी आई लक्ष्मीबाई ओसरीवर लसूण सोलत बसलेली. सुकन्याने सगळं सांगितलं. व्यंकटी म्हणाला, "माझे वडील गुरलिंग खरे. पण ते ह्याच मातीतले, काका. वारल्याला लई दिवस झाले." आणि हार घातलेला फोटो दाखवायला त्याने त्यांना आत बोलावलं.

त्या दाराच्या उंबऱ्यावर मन्मथअप्पा क्षणभर थांबले. आत भावाचा फोटो असला तर काय, नसला तर काय? मग त्यांनी बघितलं. कपाळ वेगळं, कान वेगळे, डोळे वेगळे. त्यांचा नव्हता. हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. आता कुठे जायचं, त्यांना कळेना. भिंतीवरची सगळी आडनावं संपली होती.

लक्ष्मीबाईने चहा पुढे केला. अप्पांनी हात जोडले. "राग मानू नका, माय. पूजा झाल्याबिगर पाणी बी चालत न्हाई. जरा जागा मिळंल का?"

व्यंकटीने पाट आणि तांब्या दिला. अप्पा ओसरीच्या कोपऱ्यात बसले. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पाणी, भस्म, बेल. मग बंडीतून पितळी डबी काढली आणि दुसरं लिंग घेतलं. पुन्हा पाणी, भस्म, बेल. धुकं विरत होतं. लक्ष्मीबाईचे लसूण सोलणारे हात थांबले.

"एक विचारू का दादा?" ती म्हणाली. "तुमच्यापाशी दोन हायेत. आन् आमच्या बागेपल्याड एक म्हातारा हाय, त्याच्यापाशी एक बी न्हाई. तरी रोज सकाळी असाच बसतो. रिकाम्या हातावर पाणी घालून घेतो. गावातली पोरं हसायची आधी. आता कुणी हसत न्हाई."

अप्पांनी लेकीकडे वळून बघितलं. सुकन्यानेच विचारलं, "आडनाव काय त्यांचं?"

"निलंगे म्हणतात त्याला."

अख्ख्या भिंतीवर आपल्या गावाचं नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं. जिथून तो निघाला होता, त्या गावाचंच त्याला आडनाव पडलं, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अप्पा पाटावरून उठले ते चहाचं विसरूनच.

केळीच्या ओळींमधून वाट होती. डोक्यावर पानं एकमेकांत मिसळलेली, खाली हिरवा उजेड, पायाखाली भिजकी माती. रत्नम्मा अप्पांचा दंड धरून चालत होती. बागेच्या टोकाला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दारात एक बाई धुणं वाळत घालत होती. ती त्या म्हाताऱ्याची सून उज्वला. निलंग्याहून आलो म्हटल्यावर तिच्या हातातलं धुणं तसंच राहिलं.

"मामा आत हायेत," ती म्हणाली. "पण बोलत न्हाईत. दोन वर्सं झाली, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखतात का न्हाई, ते बी कळत न्हाई आम्हाला."

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं, जेवढं तिला ठाऊक होतं तेवढं. रस्त्याच्या कामावरच त्यांचं एका वडार मुलीशी जमलं. लग्न केलं, आणि मग घरी जायचं धाडस होईना. अव्वा दारात उभी करणार नाही, असं त्यांना वाटायचं. केळीच्या मळ्यावर राहिले. मालकाने कुठला म्हणून विचारलं, निलंग्याचा म्हणाले, तेच नाव पडलं. मालकाचंच खरं करायचं, असा त्यांचा स्वभाव. "सासूबाई म्हणायच्या, मठात जाऊन नवं लिंग घ्या. तर म्हणायचे, नवं कशाला? माझं हाय की अव्वाजवळ. पूजा तिकडं अव्वा करत असंल, मी हिकडं नुसता हात धरतो. सासूबाई रोज पाणी घालायच्या. त्या गेल्यावर मी घालते."

हे ऐकून मन्मथअप्पा दाराच्या चौकटीला टेकून लहान पोरासारखे रडले. पन्नास वर्षं ते आणि त्यांच्याआधी अव्वा इकडे दुसऱ्या लिंगावर पाणी घालत होते, आणि ज्याचं लिंग तो तिकडे त्याच वेळी हात पुढे करून बसत होता. दोघांमध्ये अंतर होतं ते एसटीच्या एका दिवसाचं. अव्वाने सुनेला घरात घेतलं असतं का? अप्पांना खरंच माहीत नव्हतं. पण लेकाला एकदा बघितलं असतं, तर पुढचं पुढे झालं असतं. मायलेकरं, एक मायेने आणि एक धाकाने, जिथल्या तिथे राहिली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आत बाजेवर एक म्हातारा उशीला टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोक्यावर चार पांढरे केस. अप्पांनी त्याच्यात तो मिसरुडाचा पोरगा शोधला. सापडेना. "गुरुलिंग," ते म्हणाले. म्हाताऱ्याने डोळे वळवले, पण त्या डोळ्यांत काही उमटलं नाही. "मी अण्णा. मन्मथ. निलंगा... अव्वा..." एकेक नाव अप्पा त्याच्यापुढे ठेवत गेले. म्हातारा छताच्या पत्र्याकडे बघत राहिला.

तेव्हा उज्वला म्हणाली, "त्यांची बी पूजा राहिलीय अजून." तिने तांब्या आणला, आणि रोजच्यासारखा त्याचा डावा हात उचलून सरळ केला. तो रिकामा तळहात पुढे आला आणि स्थिर राहिला.

मन्मथअप्पांनी डबी उघडली आणि लिंग त्या तळहातावर ठेवलं.

म्हाताऱ्याची बोटं हळूहळू मिटली. त्याने हाताकडे बघितलंही नाही. तो हात सावकाश वर गेला, गालाजवळून, आणि लिंग कानाला लागलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

अप्पा त्याच्याजवळ वाकले. "काय बोलतंय रे?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले, अप्पांकडे नीट बघितलं, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसत जोरजोरात मान हलवली.

अव्वाने वळलेला दोरा अजून डबीत होता. पिवळा पडला होता, पण कुजला नव्हता. त्यानेच अप्पांनी लिंग भावाच्या गळ्यात बांधलं. गाठ तेवढी रत्नम्माने मारली.

ते चार दिवस तिथेच राहिले. निघताना गुरुलिंगने अण्णाचं बोट सोडलं नाही, ते उज्वलाने हळूच सोडवलं. पुन्हा येऊ, आठ-पंधरा दिवसांनी येत राहू, असं ठरलं. उन्हाळ्यात उज्वला त्याला घेऊन निलंग्याला येणार, हेही ठरलं. परतीच्या गाडीत अप्पा निवांत झोपले आणि त्यांना कसलंही स्वप्न पडलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी दुकानाची खोली उघडली, लाल ऑइलपेंटचा वाळत आलेला डबा टर्पेंटाइन घालून हलवला, आणि भिंतीवर सगळ्यांत खाली, उरलेल्या जागेत, आपल्या गोल अक्षरात 'निलंगे' लिहिलं. रत्नम्मा दारात उभी राहून बघत होती. "झाली का आता चार आडनावं?" ती म्हणाली.

"लागतील तेवढी होऊ दे," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओलेत्याने पाटावर बसले. आपलं लिंग काढलं, पाणी घातलं, भस्म लावलं, बेल वाहिला, डोळ्यांना लावून परत गळ्यातल्या डबीत ठेवलं. मग सवयीने हात कोनाड्याकडे गेला. कोनाडा रिकामा होता. तिथे डबीच्या बुडाचा गोल डाग तेवढा उरला होता. अप्पा त्या डागाकडे बघत बसले. एवढ्या वर्षांत इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि तरी पाटावरून उठवेना.

स्वयंपाकघरातून रत्नम्माने विचारलं, "झालं न्हवं? चहा ठेवू?"

"थांब," अप्पा म्हणाले. "जरा हिकडं ये. तांब्या घे."

ती आली. अप्पांनी डावा हात पुढे केला होता. तळहात रिकामा. "आता गुरुलिंग बसला असंल पूजेला," ते म्हणाले. "मी नुसता हात धरतो."

रत्नम्माने पदर खोचला, तांब्या तिरपा केला आणि त्या रिकाम्या हातावर सावकाश पाणी घातलं.